डालग्याखाली आई, डालग्याबाहेर पिल्लू

पाडवा जवळ आला होता. निंबाची पानं गळून गळून अंगण भरून गेलं होतं. सगुणाआत्यानं पदर खोचला. म्हणाली, "आज अंगण लख्ख करायचं!"

खर्र खर्र! खर्र खर्र! आत्यानं पाल्याचा हा एवढा ढीग केला. पण कोंबडी कसली गप्प बसतेय! तिनं ढीग उकरला. फर्र! अर्धी पानं पुन्हा अंगणभर.

"थांब, तुला झाकतेच," आत्या म्हणाली. कोंबड्या झाकायची मोठी टोपली असते ना, डालगं? ते आत्यानं कोंबडीवर पालथं घातलं. कड जराशी उचलून धरली, तशी तिची पिल्लं पळत आत गेली. सगळी गेली? नाही हो! एक पिल्लू बाहेरच राहिलं. एवढंसं, पिवळं पिवळं. खाली माती तापलेली आणि वर आईचा पंख नाही. पिल्लाला रडूच आलं.

तुरुतुरु गेलं डालग्याकडे.

"डालगेबुवा, डालगेबुवा, उघडा ना!
माझी आई मला भेटेना!"

"छे छे! माझ्यावर मनी मांजर बसलीय. मनी उतरली की बघू."

तुरुतुरु गेलं मनीकडे.

"मनीमावशी, मनीमावशी, उतर ना!
डालगं उघडेना,
माझी आई मला भेटेना!"

"छे छे! माझ्या पोत्यावर कुत्रा बसलाय. कुत्रा उठला की बघू."

तुरुतुरु गेलं कुत्र्याकडे.

"कुत्रेदादा, कुत्रेदादा, ऊठ ना!
मनी उतरेना,
डालगं उघडेना,
माझी आई मला भेटेना!"

"छे छे! माझ्या राखेत शेळी बसलीय. शेळी हलली की बघू."

तुरुतुरु गेलं शेळीकडे.

"शेळीकाकू, शेळीकाकू, हल ना!
कुत्रा उठेना,
मनी उतरेना,
डालगं उघडेना,
माझी आई मला भेटेना!"

"छे छे! माझ्या सावलीत म्हैस बसलीय. म्हैस सरकली की बघू."

तुरुतुरु गेलं म्हशीकडे. म्हैस केवढी! पिल्लू केवढं! म्हशीनं नुसता कान हलवला, तर पिल्लू धुपकन पडलं. पण उठलं बरं का लगेच.

"म्हैसआजी, म्हैसआजी, सरक ना!
शेळी हलेना,
कुत्रा उठेना,
मनी उतरेना,
डालगं उघडेना,
माझी आई मला भेटेना!"

"छे छे! माझ्या जागेवर पाल्याचा ढीग बसलाय. ढीग निघाला की बघू."

तुरुतुरु गेलं ढिगाकडे.

"ढिगूकाका, ढिगूकाका, निघा ना!
म्हैस सरकेना,
शेळी हलेना,
कुत्रा उठेना,
मनी उतरेना,
डालगं उघडेना,
माझी आई मला भेटेना!"

"छे छे! मला काय पाय आहेत? खराट्यानं झाडलं की बघू."

तुरुतुरु गेलं खराट्याकडे. खराटा भिंतीला टेकून उभा. कामधाम काही नाही!

"खराटेमामा, खराटेमामा, झाडा ना!
ढीग निघेना,
म्हैस सरकेना,
शेळी हलेना,
कुत्रा उठेना,
मनी उतरेना,
डालगं उघडेना,
माझी आई मला भेटेना!"

"छे छे! मला काय हात आहेत? सगुणाआत्यानं धरलं की बघू."

आता आत्या कुठे? आत्या होती ओणवी. डोकं बाजेखाली. काहीतरी शोधत होती. पिल्लू तुरुतुरु तिच्या मागं जाऊन उभं राहिलं.

"सगुणाआत्या, सगुणाआत्या, धर ना!
खराटा झाडेना,
ढीग निघेना,
म्हैस सरकेना,
शेळी हलेना,
कुत्रा उठेना,
मनी उतरेना,
डालगं उघडेना,
माझी आई मला भेटेना!"

"छे छे!" बाजेखालून आत्या म्हणाली. "माझं एक पिल्लू हरवलंय. पाल्यात शिरलं असलं, तर झाडलं जाईल ना बिचारं! पिल्लू सापडलं की बघू."

"अरेरे!" पिल्लू म्हणालं. "त्याला पण आई भेटत नसेल. मी शोधू का?"

आत्यानं डोकं बाहेर काढलं. वळून बघते तर काय!

"अरे लबाडा! तूच की रे ते!"

"मी नाही काही! माझी आई हरवलीय."

आत्याला हसू आवरेना. तिनं पिल्लाला उचलून पदरात घेतलं. "चल राजा. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला देऊ, म्हणजे सगळे उठतील."

आत्यानं खराटा धरला.
खराट्यानं झाडलं. खर्र खर्र!
ढीग निघाला, गेला उकिरड्यात.
म्हैस सरकली, गेली जागेवर.
शेळी हलली, गेली सावलीत.
कुत्रा उठला, गेला राखेत.
मनी उतरली, गेली पोत्यावर.
डालगं उघडलं,
आणि आई भेटली!

पिल्लू सुर्रकन आईच्या पंखाखाली शिरलं.

अंगण कसं लख्ख झालं! तेवढ्यात म्हशीनं शेण टाकलं. थप्प!

"अगं बये! आत्ताच झाडलं होतं ना!" आत्या ओरडली.

पिल्लाला त्याचं काय? ते आईला सांगत होतं, "आता पुन्हा हरवू नकोस हं."

"नाही हो हरवत," आई म्हणाली, आणि तिनं पंख मिटून घेतला.