चांगुणेचा कोयता

एका खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता, आणि त्या कोळीवाड्याच्या देवळात एक कोयता टांगलेला होता. मासे कापायचा नव्हे, जाळी कापायचा!

त्याचं असं होतं. पाला नावाचा मासा वाढतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीत वर चढतो. पावसाळ्यातल्या उधाणाला त्याच्या झुंडी खाडीत शिरायच्या. म्हणून जुन्या लोकांनी खाडीच्या मधोमध दोन खांब रोवले होते. पंधरा दिवस त्या खांबांमधली वाट मोकळी ठेवायची, जाळी लावायची ती काठाकडेच. जो आत घुसेल, त्याच्या जाळ्याची दोरी चांगुणा कापणार. कोयत्याचा मान तिच्या घराण्याचा.

चांगुणा म्हणजे नुसती आग. तिने सख्ख्या दिराचं जाळं कापलं होतं, गावच्या पाटलाचंही कापलं होतं. ओहोटीबरोबर जाळं समुद्रात जायचं आणि कोणी ब्रसुद्धा काढायचं नाही.

एका वर्षी तिच्या जोमा नावाच्या एकुलत्या एका मुलाने खांबांच्या आत जाळं लावलं. चांगुणा होडी घेऊन गेली. तिने कोयता उचलला.

"आये, नवं जाळं आहे गं," जोमा काकुळतीला आला. "बायको पोटुशी आहे. आणि दोन हातच तर आत आहे. पाला काय मोजून जातो?"

चांगुणेचा हात दोरी न कापताच खाली आला.

अगं बाई, तिथेच माती खाल्लीस! सून पोटुशी होती ते दिसलं, आणि जाळ्यात तडफडणारा एकेक मासा अंड्यांनी, गाभोळीने भरलेला होता, तो नाही दिसला?

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने आपलं जाळं तीन हात आत सरकवलं. चांगुणा कोयता घेऊन धावली, तर तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय गं चांगुणे, तुझा कोयता परक्याच्याच दोरीला चालतो काय?"

चांगुणा आल्या पावली फिरली. तिने कोयता देवळात टांगून टाकला.

मग काय, मोकळं रानच मिळालं. याचं चार हात, त्याचं पाच हात, असं करत आठवड्यात खाडी या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्यांनी बंद झाली. घरोघरी तव्यावर गाभोळी. खाऊन खाऊन कंटाळले, उरलेली कुत्र्यांना घातली मेल्यांनी! वरच्या गावांनी निरोप पाठवला की नदीत एकही पाला चढला नाही. तेव्हा हे हसले.

पुढच्या वर्षी पाला निम्म्याने आला. त्याच्या पुढच्या वर्षी टोपलीभर. मग जाळ्यात नुसता गाळ. आणि हीच माणसं देवळात जाऊन देवाला विचारायला लागली, "आमचं काय चुकलं?" लाज कशी वाटली नाही कोण जाणे!

जोमाची मुलगी चार वर्षांची झाली. एकदा जेवताना तिने विचारलं, "आजी, पाला कसा असतो गं?"

चांगुणेचा घास हातातच राहिला. जिच्यापायी कोयता खाली घेतला, तिनेच पाला पाहिला नव्हता.

ती ताटावरून उठली. देवळातला गंजलेला कोयता काढला, दगडावर घासला आणि भर दुपारी होडी खाडीत घातली. पहिली दोरी जोमाची.

"आये!" जोमा काठावरून ओरडला. "सगळ्यांची सोडून माझंच जाळं?"

"चार वर्षांपूर्वी तुझंच कापायचं होतं, मेल्या!" चांगुणा ओरडली, आणि खसकन दोरी तोडली. "तुझं कापलं असतं तर बाकीच्यांची कापायची पाळीच आली नसती."

मग तिने शेजाऱ्याची दोरी धरली. तो खाली मान घालून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत दोन खांबांमधली वाट मोकळी झाली.

पण पाला काही लगेच आला नाही. तो काय तुमचा नोकर आहे, हाक मारली की यायला? दोन पावसाळे वाट रिकामीच राहिली. तिसऱ्या वर्षी एक मासा खांबांमधून वर गेला. एकच. तो पाहायला चांगुणा उरली नव्हती. कोयता हातात धरून होडीत जोमा बसला होता, आणि शेजारी बसलेल्या लेकीला सांगत होता, "बघ, तो पाला. हात लावायचा नाही."

तात्पर्य काय, तर नियम पहिल्यांदा आपल्याच घरच्यावर चालवावा. तिथे हात कचरला, की पुढे कोणावर चालवायला तोंड उरत नाही.