पाळीवरच्या घराचे हात

हे तलावाच्या पाळीवरचं घर. दाराच्या दोन्ही बाजूंना गेरूचे हात दिसतात ना, ते रंगवणाऱ्याने काढलेले नाहीत. डावीकडचे आलेल्यांचे, उजवीकडचे गेलेल्यांचे. खालचे पुसट झालेत, दरवर्षी पावसाने थोडे थोडे जातात. दारापुढच्या या सपरीवर टेका जरा. मलाही बसूनच सांगायला बरं वाटतं.

हे घर कोणा एकाचं कधीच नव्हतं. तलावाचं पाणी शेतांना सोडणारा जो पाटकरी असेल, त्याने इथं राहायचं. काम सुटलं की घर सुटलं. त्यामुळे माणसं येत गेली, जात गेली, आणि कोण कुठं गेलं याची कोणाला फिकीर नव्हती.

असं सांगतात, एका दुष्काळात डोमा नावाचा माणूस आपल्या सहा वर्षांच्या पोरीला घेऊन या घरी आला. बायको वाटेतच गेली होती. तेव्हा इथं सुकरू पाटकरी आणि त्याची बायको बायजा राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. रेल्वेच्या मातीकामावर माणसं घेतात असं डोमाने ऐकलं होतं, पण एवढ्या लहान पोरीला तिथं कुठं नेणार?

"चार महिने ठेवा, वहिनी," तो बायजाला म्हणाला. "पाऊस पडला की येतोच."

पोरीचं नाव सायतरा. बाप पाळीवरून दिसेनासा होईपर्यंत ती दारात उभी होती म्हणे.

चार महिन्यांची दहा वर्षं झाली. रेल्वेची वाट पुढं सरकत गेली, तसा डोमाही पुढं गेला. मध्ये दरड अंगावर येऊन त्याचा पाय मोडला, दोन वर्षं तो उठला नाही. निरोप द्यायला ओळखीचं कोणी नव्हतं. शेवटी लंगडत तो या दारात आला, तेव्हा आतून भलताच माणूस बाहेर आला. मंगरू ढिवर त्याचं नाव.

"सुकरू? असा कोणी मला माहीत नाही, जी. माझ्या आधी इथं कोष्टी होता. तो पवनीकडं गेला म्हणतात."

डोमा पवनीकडं निघाला. मोडक्या पायाने दिवसाला दोन कोसही होईनात. गावोगाव विचारत विचारत कोष्टी सापडायला पावसाळा लागला. कोष्टी मागावरून उठलाही नाही. त्यालाही सुकरू माहीत नव्हता, त्याच्या आधी एक कुंभार होता एवढंच त्याला ठाऊक.

"मी तिथं असताना एक बाई आली होती खरी," तो म्हणाला. "कोणाची तरी चौकशी करत होती."

"कोणाची?"

"आता कुठं आठवतं, बाप्पा. आपण कामात असतो."

कुंभार वैनगंगेच्या पलीकडे सापडला, तोवर वर्ष उलटलं होतं. त्याने मात्र सुकरूला पाहिलं होतं. सुकरू वारल्यावर बायजा भावाकडं, खैरीला गेली, असं तो म्हणाला. डोमा त्याच्या आव्यापाशी तीन दिवस नुसता पडून होता. चौथ्या दिवशी उठला.

खैरीला बायजा भेटली. डोळ्यांनी अधू झाली होती, पण आवाजावरून तिने ओळखलं.

"उशीर केला, भाऊजी," ती म्हणाली. "सायतराचं लग्न करून दिलं होतं मी. नवरा वर्षात गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढली. ती माझ्याकडं आली, पण थांबली नाही. बापाला शोधते म्हणाली. आधी त्या पाळीवरच्या घरी गेली, तुम्ही आला होतात का विचारायला. तिथल्या माणसाने नाही म्हटलं. मग रेल्वेच्या कामावर गेली मजुरांबरोबर."

कोष्ट्याने सांगितलेली बाई कोण, ते डोमाला तेव्हा कळलं. बायजाने दिलेली भाकर त्याने खाल्ली आणि म्हणाला, "आता मी शोधत नाही. ती कधीतरी पुन्हा त्याच दारात येईल. मी तिथं बसतो."

मंगरूने त्याला या सपरीवर जागा दिली. लेक येईपर्यंत ही पाळ सोडणार नाही, अशी आण डोमाने घेतली. दोन वर्षांनी मंगरू घर सोडून निघाला, तेव्हा डोमा दारात आडवा उभा राहिला. गेरू कालवून त्याने मंगरूचा हात भिंतीवर उमटवला आणि म्हणाला, "कुठं जातोस ते सांग. त्याशिवाय जाऊ नको." मंगरूने गाव सांगितलं. डोमाने ते पाठ केलं. नवीन बिऱ्हाड आलं, त्यांचाही हात घेतला, कुठून आले ते विचारलं. लोक हसायचे. तो रोज सकाळी सगळी नावं ओळीने म्हणायचा.

सातव्या वर्षी, भर उन्हाची, एक बाई पाळीवरून आली. केस अकाली पिकायला लागले होते, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या.

"इथं आधी कोण राहत होतं, बाई?" तिने आतल्या बाईला विचारलं.

"त्या म्हाताऱ्याला विचार. त्याला सगळे पाठ आहेत."

डोमाची मान वर झाली नाही. तो म्हणू लागला. मंगरू ढिवर, गेला मोहघाट्याला. त्याच्या आधी कोष्टी, गेला पवनीकडं. त्याच्या आधी कुंभार, नदीपलीकडं. त्याच्या आधी सुकरू, इथंच वारला, त्याची बायजा खैरीला. "आणि त्यांच्याजवळ एक पोर होती. सायतरा."

"ती मीच," बाई म्हणाली.

म्हाताऱ्याने अंग चोरून सपरीवर जागा केली.

"बस," तो म्हणाला. "पाय दुखले असतील."

दोघं संध्याकाळपर्यंत तशीच बसली होती म्हणे.

पुढं डोमा सहा महिने जगला. त्याच्यामागं नावं सायतराने सांभाळली, आणि डोळे मिटण्याआधी तिने ती शेजारच्या माझ्या पणजोबाला दिली; तिथून ती माझ्यापर्यंत आली.

तेव्हापासून या घरात कोणी आलं, तर पहिल्या दिवशी डावीकडं हात उमटायचा. गेलं, तर उजवीकडं हात आणि जायच्या गावाचं नाव. शेवटचा सरकारी चौकीदार गेला, त्यानेही गेरूत हात बुडवला, वर फोन नंबर दिला. त्याला अकरा वर्षं झाली, घर रिकामं आहे. तरी वर्षातून एखादा माणूस आजा-पणजाचा माग काढत येतो, आणि मी म्हणायला लागतो. एकोणतीस बिऱ्हाडं झालीत. दम लागतो, तीनदा थांबावं लागतं. पण मधलं एकही गाळत नाही.