गोदाबाईचे हात

"म्हणजे ज्याला त्याला हेच एक तेल?"

वैदेहीने हे विचारलं ते तकियाच्या, म्हणजे फकिराच्या ठाण्याच्या, ओट्यापुढे उभ्यानेच. बसायला तिला वेळ नव्हता.

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर एका तरण्या ट्रॅक्टरवाल्याचं कोपर होतं, उन्हात तडकलेल्या चिखलासारखं.

"हेच," ते म्हणाले. "करडीचं. घाण्यावरनं आणल्यालं."

"याची त्वचा तेलकट. त्या आजींची कोरडी. त्या पलीकडच्या ताईंच्या अंगावर नुसता वारा लागला तरी चट्टे उठतात. माणसागणिक कातडी वेगळी असते, बाबा. एका औषधाने कसं भागेल?"

"न्हाई भागत."

"मग?"

बाबांनी वाटीत बोटं बुडवली.

त्यांनी ट्रॅक्टरवाल्याचं कोपर चोळलं, फुटलेल्या ओठांना तेलाचं बोट लावलं. मुरमांनी भरलेल्या तोंडाला मात्र हात लावला नाही. "तोंडाला कायबी थापू नगंस. आरशात बगून फोडू नगंस. ऊठ."

मग म्हातारीचे पाय कोमट पाण्यात सोडले. बाहेर काढले आणि पुसायच्या आतच, ओल्यावरच, तेल लावलं.

तिसरी बाई पुढे सरकली. बाबांनी तिच्या मानेवरचे चट्टे पाहिले आणि तेलाची वाटी बाजूला सारली.

"तुला न्हाई. घोंगडं उघड्या अंगाला घेतीस न्हवं? आत जुनं सुती पातळ घे. लोकर टोचती तुला."

वैदेहीने हे सगळं पाहिलं. ती हुशार होती, तिला कळलंही. पण ती कौतुक करायला आलेली नव्हती. ती आपला रुग्ण परत न्यायला आली होती.

माणदेशातला पौष. हवा अशी कोरडी, की सकाळी धुतलेलं धोतर पूजा आटपेस्तोवर वाळावं. त्या हवेने गावातल्या प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही लिहून ठेवलेलं. कुणाच्या ओठांवर, कुणाच्या टाचांवर. डॉक्टर वैदेही घार्गे, आयुर्वेदाची पदवी पुण्याची, मुक्काम आता इथला. वर्गातल्या सगळ्यांनी शहरात दवाखाने थाटले, तेव्हा हिने हट्टाने हे गाव निवडलं. आठ महिन्यांत तिने गावातल्या दोनशे माणसांच्या त्वचेची नोंद केली होती. वाताची, पित्ताची, कफाची. प्रत्येकाला वेगळा लेप, वेगळं मलम, वेगळा कागद. काम चोख होतं. चुकली होती ती एकाच ठिकाणी, आणि ती चूक या क्षणी कडुनिंबाच्या बुंध्याशी पदरात हात लपवून बसली होती.

"गोदाबाई," वैदेही म्हणाली, "मला न सांगता इथे आलात?"

"सांगितलं आसतं तर तुमी येऊ दिलं आसतं व्हय, डॉक्टरीणबाई?"



गोदाबाई सनगराची. घरात पिढ्यान् पिढ्या घोंगडी विणलेली. नवरा मागावर बसायचा आणि गोदाबाई चिंचोक्यांची खळ शिजवून ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावायची. खळ म्हणजे चिकट पेज. तिने लोकरीचा धागा कडक होतो, आणि लावणाऱ्याचे हातही. खळ हातावर वाळली की कातडं ओढून धरते. उन्हाळ्यात घाम तरी सुटतो. थंडीत ओढलेलं कातडं फाटतं. गोदाबाईच्या तळहातांना यंदा अशा भेगा पडल्या होत्या, की मूठ वळली की रक्त यायचं.

त्यातच लेक पूनम बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी आजीने मोठ्या हौसेने नातीला पायावर घेऊन तेल लावलं, आणि पोरीच्या पाठीवर फणीने ओढावेत तसे तांबडे ओरखडे उठले.

वैदेहीने ते ओरखडे पाहिले आणि हुकूम सोडला. हात बरे होईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. दिवसातून पाच वेळा कढत पाण्याने, साबणाने हात स्वच्छ धुवायचे. वर हे मलम.

नऊ दिवस गोदाबाईने हे इमानाने केलं. नऊ दिवस शेजारची सुंद्रा येऊन बाळाला न्हाऊ घालत होती. तिचा हात घाईचा. पोर किंचाळायची, आणि आजी भिंतीपलीकडे बसून ऐकायची.

भेगा वाढल्या.

"परवाच्याला बारसं झालं," गोदाबाई म्हणाली. "पाळण्यात घालायलाबी मी न्हवते. बायका इचारत्यात, म्हातारीला नात नगं झाली का? लेक महिन्यानं सासरी जाईल. माजं हात काय त्या पोरीनं बगायचंच न्हाईत व्हय?"

कडुनिंबाची चार पानं पडली.

"दाव," बाबा म्हणाले.

गोदाबाईने पदरातून हात काढले. बाबांनी ते उलटे केले, सुलटे केले, नाकाशी नेले.

"साबण कुणी सांगितला?"

"मी," वैदेही म्हणाली. "जखमेत खळ जाते. स्वच्छ नको ठेवायला?"

"पाच येळा?"

"पाच वेळा."

"आन् कढत?"

थंडीत कढत पाणी कोरड्या त्वचेतली उरलीसुरली स्निग्धता ओढून घेतं, हे वैदेहीने परीक्षेत लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं. गुणही पडले होते.

"ते चुकलं माझं," ती म्हणाली. पटकन म्हणाली, आणि तिला वाटलं त्यापेक्षा ते सोपं गेलं. "आजपासून साबण बंद. कोमट पाणी, ओल्यावर तेल. करते मी. चला गोदाबाई."

"थांब की," बाबा म्हणाले. "बिरा, हिकडं ये."

ओट्याच्या पलीकडून बिरा आबा उठले. तरणे धनगर दिवाळीनंतरच मेंढरं घेऊन वाटेला लागले होते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांत हे सगळ्यात म्हातारे. सत्तर वर्षं अनवाणी चाललेले. त्यांच्या टाचांना टाचा म्हणायचं ते केवळ त्या जागी होत्या म्हणून.

बाबांनी आबांचा पाय उचलला आणि गोदाबाईच्या मांडीवर ठेवला. तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"चोळ."

वैदेही दोन पावलं पुढे आली. "बाबा, ही बाई आजारी आहे. तुम्ही आजाऱ्याला कामाला लावताय?"

"व्हय."

"तिच्या हातांतून रक्त येतंय. या पायांची घाण त्या भेगांत गेली तर हात पिकतील. तुम्हाला पाप लागेल आणि मला ते निस्तरावं लागेल."

"म्या काय ताज्या शेणात पाय घालून न्हाई आलो," बिरा आबा म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "काल घातला हुता."

गोदाबाई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण ओठ फुटला आणि तिने तो पदराने टिपला.

बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी वैदेहीकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच.

"घाणीचं खरं बोललीस. माज्या ध्यानात न्हवतं. किती दिस थांबू?"

वैदेही गोंधळली. ती भांडायच्या तयारीत होती.

"रक्त थांबेपर्यंत. दोन दिवस... तीन. तोवर खळीला हात लावायचा नाही. आणि आबांचे पाय आधी उकळून निवलेल्या पाण्याने धुवायचे. ब्रशने घासून."

"कोण धुणार?"

"कोण म्हणजे..."

बाबांनी आबांच्या टाचेकडे बोट केलं.

"मी धुईन," वैदेही म्हणाली.

तीन दिवस गोदाबाईच्या हातांना कोमट पाणी, तेल आणि वरून जुन्या धोतराची सैल चिंधी. रक्त थांबलं. पण तळवा होता तसाच राहिला, खरखरीत, कडांना राठ. मलमलीवर हात फिरवला की सूत अडकायचं. वैदेहीने ते वहीत लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळी वैदेहीने ब्रश घेतला आणि बिरा आबांचे पाय घासायला बसली. अर्धा तास लागला. पाणी तीनदा बदललं.

"डॉक्टरीणबाई, खाली हाडं हायती बरं का," आबा म्हणाले.

"अजून लागली नाहीत."

मग गोदाबाईने तो ओला पाय मांडीवर घेतला, तेलात हात बुडवला आणि चोळायला लागली. आधी भीत भीत. तिच्या हाताच्या राठ कडा टाचेवरून खरखर फिरत होत्या. नातीच्या पाठीची आठवण होऊन तिने हात मागे घेतला.

"टोचतंय का वं, आबा?"

"कुटं काय? चालू झालंय का अजून?"

"ह्याला बाभळीचा काटा मोडला तरी सांजच्याला कळतं," बाबा म्हणाले. "चोळ तू. दाबून."

गोदाबाईने दाबून चोळलं. अंगठ्याने, मनगटाने, दोन्ही तळव्यांनी. हात टाचेला घासत होता आणि टाच हाताला. तेल मधे होतं. थंडीच्या त्या सकाळी तिच्या कपाळावर घाम आला.

संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

वैदेही रोज यायची. पाय धुवायची आणि शेजारी बसून पाहायची. सुरुवातीला घड्याळ पाहायची. नंतर गोदाबाईचे हात पाहायला लागली. चोळायला लागल्यापासून पाचव्या दिवशी तिने काही न विचारता एक भेग बोटाने चाचपली. कड मऊ पडली होती. घासून गेली होती. आत नवं कातडं तांबूस दिसत होतं.

दवाखान्याच्या दारावर अडकवलेला 'हात साबणाने वारंवार धुवा' हा कागद त्या दिवशी तिने काढला आणि खाली बसून नवा लिहिला. त्यावर लहान मुलं, म्हातारी माणसं, खळीत काम करणारे, शेकोटीपाशी बसणारे, असं प्रत्येकाचं निराळं लिहिलं. लिहिताना तिला कुठलंही पुस्तक उघडावं लागलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी गोदाबाई तिच्यापुढे उभी राहिली.

"बंदी तुमची हाय, डॉक्टरीणबाई. उटवणार तुमीच."

वैदेहीने आपली मलमलची ओढणी काढली, दोन्ही हातांत ताणून धरली. "हात फिरवा."

गोदाबाईने तळहात फिरवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

एकही सूत अडकलं नाही.

"उलटा फिरवा."

तसाही फिरवला...

"चला," वैदेही म्हणाली. "पाणी तापवा. कढत नको."

न्हाणीत पूनमने बाळ आणून आईच्या पायांवर पालथं घातलं. सुंद्राच्या हाताची सवय झालेल्या पोरीने आधीच तोंड वासलं होतं. गोदाबाईने तळव्यावर तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊब आणली आणि त्या एवढ्याशा पाठीवर ठेवले.

पोरीने तोंड मिटलं.

गोदाबाई मानेपासून खाली आली, कमरेपर्यंत, मग पायांवर. थंडीने पोरीच्या पोटऱ्यांवर पांढरा कोंडा धरला होता, तो तेलाखाली विरून गेला. तिला पाठीवर वळवलं तेव्हा ती आजीच्या तोंडाकडे पाहत होती. कुठून आलं हे माणूस, असं.

"बग, बग," गोदाबाई तिला म्हणाली. "म्या कोण हाय? वळकतीस का? वळक बरं."

पाणी अंगावर पडेपर्यंत पोर झोपली होती.

पूनम रडायला लागली. वैदेहीने पाठीवरचे जुने ओरखडे तपासायला म्हणून मान खाली घातली आणि बराच वेळ ती वर केली नाही. पाठ स्वच्छ होती.

दुपारी ती तकियावर गेली. हातात गोदाबाईचा केसपेपर होता. बाबा कुणा बाईचं ढोपर तपासत होते.

"निदान लिहिलंय," वैदेही म्हणाली. "साबण बंद केला, तेही लिहिलंय. कोमट पाणी लिहिलंय. तेल लिहिलंय. पण नुसतं तेवढं तीन दिवस करून पाहिलं होतं आपण. रक्त थांबलं, हात राठच राहिला. माझ्याकडे त्याची नोंद आहे."

"आसंल."

"मग औषध या शब्दापुढे काय लिहू? मला खरं लिहायचंय, बाबा. उद्या दुसरी गोदाबाई येईल."

बाबांनी ढोपरावरचा हात उचलला नाही.

"लिव्ह... बिराच्या टाचा. दोन्ही. सकाळ-सांज."