नदीपलीकडचा बाजार

पुष्कळ वर्षांपूर्वी एका डोंगरावर एक विद्यापीठ होतं. लोकांच्या अडचणीतून लोकांचाच उद्योग कसा उभा करावा, हे तिथे शिकवत. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एखाद्या गावात जाऊन राहावं लागे.

केतकीच्या वाट्याला नदीकाठचं गाव आलं. तिथल्या बायका बांबूच्या टोपल्या सुरेख विणत, पण पलीकडच्या बाजारात जायला बिचकत. दारावर येणारा व्यापारी देईल तेवढ्यावर भागवत. पावसाळ्यात पोरं अर्धपोटी झोपत.

केतकीने टोपल्या नावेत घातल्या आणि स्वतः बाजार गाठला. ती बोलायला गोड. माल हातोहात खपला. मग दर बाजाराला तीच जाऊ लागली. घराघरांत दोन्ही वेळा चूल पेटू लागली.

वर्ष सरत आलं तेव्हा विद्यापीठातले आचार्य गावात आले. धुरपदाबाई सगळ्यांत जुनी विणकरीण. तिला त्यांनी विचारलं, "केतकी गेल्यावर कसं करणार?"

तिच्या हातातली काडी थांबली. "ती जाणार हाय?"

केतकीचा चेहरा उतरला. "आचार्य, माझं चुकलं का?"

"तुझी माया खरी आहे," आचार्य म्हणाले. "पण बाजार अजून तुझाच आहे, यांचा झालेला नाही."

पुढच्या बाजाराला केतकी नावेत चढली नाही. धुरपदाबाई दोघीतिघींना घेऊन गेली आणि बऱ्याचशा टोपल्या तशाच घेऊन परतली.

"तोंडातून शब्दच फुटंना, पोरी. पुढच्या बारीला तूच जा," ती डोळे पुसत म्हणाली.

केतकीला भरून आलं. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. पण ती धुरपदाबाईशेजारी बसली. "आजी, मी गिऱ्हाईक बनते. मला टोपली विका बघू."

केतकी मुद्दाम नाक मुरडत घासाघीस करू लागली. बायका हसून लोटपोट झाल्या. मग एकेकीने विकून पाहिलं. रोज संध्याकाळी अंगणात हा खेळ रंगू लागला. हळूहळू नावेतून परत येणाऱ्या टोपल्या कमी झाल्या. एकदा तर धुरपदाबाई कोळ्यांकडून रुंद तोंडाच्या टोपल्यांचं काम ठरवून आली. केतकीला तिने नंतर सांगितलं.

केतकीचा जायचा दिवस नेमका बाजाराचाच निघाला. बायकांनी आदल्या दिवशीच तिची ओटी भरली. सकाळी ती गाठोडं घेऊन निघाली, तेव्हा निरोप द्यायला दारात कुणीच नव्हतं. सगळ्या बाजाराला गेल्या होत्या. तिला जरा रडू आलं, आणि हसूही.

तात्पर्य: लोकांसाठी काम उभं करताना ते आपल्यावाचून चालेल, याची सोय करावी, त्यात आपलं मन थोडं दुखलं तरी चालेल.