पाटलांना ‘पुरे’ म्हणता येईना

फार जुन्या काळची, डोंगराच्या अलीकडे एक भाषा होती आणि पलीकडे दुसरी, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकायला हरकत नाही.

अलीकडच्या एका गावात मानकोजी नावाचे पाटील राहत. त्यांचं बोलणं पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. बारसं असो, लग्न असो, बांधावरचं भांडण असो, पाटील उठून उभे राहिले की माणसं हातातलं काम टाकून ऐकत बसत. भांडणारे तर आपण कशासाठी भांडत होतो तेच विसरून जात. गावात कुणाचा बैल हरवला तरी शोधायला निघण्याआधी पाटील चार शब्द बोलत, आणि त्यांचे चार शब्द संपेपर्यंत बैल बहुधा आपणच घरी येई.

त्यांना एकुलती एक लेक होती, राही. डोंगराच्या खिंडीत दरसाल घोड्यांचा बाजार भरे. तिथं पलीकडच्या एका घोडेवाल्याच्या मुलानं राहीला पाहिलं आणि मागणी घातली. मुलगा चांगला होता, घर भरलेलं होतं. त्याला दोन्हीकडच्या भाषा येत, त्यामुळे लग्नात कुणाचं काही अडलं नाही. लग्न खिंडीतच लागलं. लेक डोंगराच्या पलीकडे उतरली आणि आईबाप डोळे पुसत अलीकडे उतरले.

पुढे राहीला दिवस गेल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही अलीकडची रीत. बापानं जायचं आणि लेकीला घेऊन यायचं. पाटलीणबाईंनी, म्हणजे भागूबाईंनी, माजघरालगतची खोली सारवून घेतली. डिंक आणला, खारका आणल्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, आणि रोज सकाळी त्या नवऱ्याला विचारू लागल्या, “अहो, निघताय ना?”

पण मानकोजींचं पाऊल उचलत नव्हतं. जावई घोडे घेऊन दूरच्या मुलखात गेला होता, म्हणजे मधे बोलायला कुणी नाही. आणि आपण, एवढे बोलके पाटील, व्याह्यांच्या दारात मुक्यासारखे उभे राहणार, हे त्यांच्या मनाला पटेना.

गावात एक वृद्ध शास्त्रीबुवा होते. तरुणपणी ते पलीकडच्या दरबारात राहून आले होते. मानकोजी त्यांच्याकडे गेले आणि मला तिकडची भाषा शिकवा म्हणाले. शास्त्रीबुवांना आनंद झाला. त्यांनी पाणी, मीठ, ये, बस, दे, पुरे, अशा शब्दांपासून सुरुवात केली.

मानकोजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. “बुवा, मी काय रांगतं पोर आहे? मला व्याह्यांपुढे उभं राहायचंय. शोभेल असं काहीतरी शिकवा.”

शास्त्रीबुवांनी समजावून पाहिलं, की पाटील, तहान लागल्यावर शोभा कामाला येत नाही. पण पाटील ऐकेनात. शेवटी बुवांनी दरबारी थाटाचं एक स्तुतिपर भाषण शिकवलं. आपलं कुळ सागरासारखं अथांग आहे. आपल्या औदार्याला अंत नाही. आपला शब्द म्हणजे पाषाणावरची रेघ, तो आम्हास शिरसावंद्य. अशी एकाहून एक जड वाक्यं होती. मानकोजींनी ती घोकून घोकून पाठ केली. उच्चार तर असे साधले, की शास्त्रीबुवाही चकित झाले. मग पाटील डोक्याला नवं मुंडासं बांधून निघाले.

डोंगर उतरून व्याह्यांच्या घरी पोचले तेव्हा सारं घर अंगणात आलं. पुढे विहीणबाई होत्या, अंगानं भरलेल्या, आवाजानं खणखणीत. मागे व्याही होते, उंच, हडकुळे, अबोल. मानकोजींनी दोन्ही हात जोडले आणि भाषण सुरू केलं. एक अक्षर चुकलं नाही. शेजारपाजारची माणसं कुंपणाशी जमली. भाषण संपलं तेव्हा विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या घराची एवढी स्तुती त्यांच्या माहेरच्यांनीसुद्धा कधी केली नव्हती.

मानकोजींना वाटलं, जिंकलं. आणि तिथूनच त्यांची पंचाईत सुरू झाली.

झालं काय, की पाहुण्यांना आता आपली भाषा अस्खलित येते असं सगळे धरून चालले. जो तो त्यांच्याशी भराभर बोलू लागला. मानकोजींना त्यातलं ओ की ठो कळेना. ते हसून मान हलवीत आणि पाठ केलेल्यातलं एखादं वाक्य सोडून देत. माणसं एकमेकांकडे पाहून म्हणत असावीत, की काय मोठा माणूस आहे हा.

तिकडची रीत अशी होती, की पाहुण्यानं आधी जेवायचं, मग लेकीला भेटायचं. पान वाढलं. नाचणीचे मोठाले गोळे, त्यावर तुपाची धार, शेजारी झणझणीत रस्सा. विहीणबाई काहीतरी म्हणाल्या. ते ‘गरम आहे, जपून’ असं होतं. मानकोजींनी हसून मान हलवली, घास तोंडात टाकला, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाणी हवं होतं. पाण्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. अंगठा तोंडाकडे नेऊन खूण करावी, तर एवढ्या भाषणानंतर ती बरी दिसेना. शेवटी त्यांनी भरल्या डोळ्यांनी म्हटलं, “आपल्या औदार्याला अंत नाही.”

विहीणबाईंनी लगबगीनं आणखी दोन गोळे वाढले.

मानकोजी कसेबसे जेवले. पोट तट्ट फुगलं. आता नको म्हणायचं होतं, पण ‘नको’ येत नव्हतं आणि ‘पुरे’ही येत नव्हतं. हात आडवा धरावा, तर तिकडे पानावर हात धरणं म्हणजे अन्नाचा अपमान, एवढं मात्र जावयानं खिंडीत सांगितलेलं त्यांना आठवत होतं. विहीणबाई पुन्हा पातेलं घेऊन आल्या. मानकोजी म्हणाले, “आपलं कुळ सागरासारखं अथांग आहे.” विहीणबाईंनी पातेलंच पालथं केलं.

मग त्या समोर बसल्या आणि जरा चाचरत बोलू लागल्या. बोलताना त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं, मग डोंगराकडे, मग कपाळावरचा घाम पुसल्यासारखं केलं. मानकोजींना वाटलं, आपल्या प्रवासाच्या कष्टांबद्दल हळहळताहेत. त्यांनी ढेकर दाबली आणि गंभीर चेहऱ्यानं उत्तर दिलं, “आपला शब्द म्हणजे पाषाणावरची रेघ. तो आम्हास शिरसावंद्य.”

विहीणबाईंनी सुस्कारा सोडला, नवऱ्याकडे पाहून मान डोलावली आणि उठल्या. मानकोजी स्वतःवरच खूश झाले. अवघड प्रसंग निभावला असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळानं त्यांना लेकीच्या खोलीत नेलं. राही भिंतीला टेकून बसली होती. चेहरा भरला होता, पण डोळे रडून लाल झाले होते. मानकोजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तरी तिनं वर पाहिलं नाही.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “मला न्यायला नव्हता आलात तुम्ही?”

“न्यायलाच तर आलोय.”

“मग सासूबाईंना इथंच राहू दे म्हणून कसं सांगितलंत? त्या म्हणाल्या, डोंगराची वाट अवघड आहे, पोरीला इथंच ठेवू का? आणि तुम्ही हो म्हणालात. सुईणसुद्धा ठरवली त्यांनी.”

मानकोजी मटकन खाली बसले. एवढ्या जेवणावर मटकन बसणं सोपं नव्हतं. लेकीपुढे काही लपवण्यात अर्थ नव्हता. आपल्याला भाषणापलीकडे एक शब्द येत नाही, हे त्यांनी सांगून टाकलं. तोंड कसं भाजलं तेही सांगितलं, पातेलं कसं पालथं झालं तेही. राही ऐकत होती, रडत होती, आणि रडता रडता हसू लागली.

तू जाऊन समजावून सांग, असं मानकोजी तिला म्हणाले. राहीनं नकार दिला. ती म्हणाली, “आबा, मी सांगितलं तर सुनेनंच बापाला पढवलं असं होईल. मला इथं जन्म काढायचाय. तुमचं तुम्हीच सांगा.”

मग शास्त्रीबुवांकडून दुसरं भाषण पाठ करून येतो, असं मानकोजी म्हणाले. राही म्हणाली, तोवर बाळच तुमच्याशी बोलायला लागेल.

मग तिनं आपलं सांगितलं. ती आली तेव्हा तिला एक शब्द येत नव्हता. नवरा कामावर गेला की दिवसभर कुणाशी बोलायची सोय नाही. पहिल्यांदा तिला ‘मीठ’ आलं, कारण आमटी अळणी झाली होती. मग ‘सरपण’ आलं, मग ‘झाकण’, मग ‘ये’ आणि ‘जा’. चुलीपाशी रोज लागतील तेवढे शब्द आले, आणि मग कधी सासूबाई तिला मनातलं सांगू लागल्या, ते तिचं तिलाही कळलं नाही.

“तुम्ही मला बोलायला शिकवलंत तेव्हा आधी काय शिकवलंत, आबा? भाषण?”

मानकोजींना आठवलं. अंगणात बसून त्यांनी तिला ‘ये’, ‘दे’, ‘पाणी’ आणि ‘काऊ’ शिकवलं होतं. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “बरं. पाण्याला काय म्हणतात?”

दुसऱ्या दिवसापासून व्याह्यांच्या घरात एक नवल घडू लागलं. काल सागर आणि पाषाणाबद्दल बोलणारा पाहुणा आज घागरीकडे बोट दाखवून “पाणी” म्हणू लागला. चुलीकडे पाहून “आग”, कुत्र्याकडे पाहून “कुत्रा”. विहीणबाई आधी घाबरल्या. कालचं जेवण डोक्यात गेलं की काय, अशी शंका त्यांना आली. पण पाहुणा शहाण्यासारखा वागतोय हे पाहून त्याही सामील झाल्या. पाटील बहिरे असावेत अशा आवाजात त्या एकेक शब्द ओरडून सांगू लागल्या. शेजारचीही चार माणसं त्यामुळे दचकून जागी झाली.

जे व्याही एवढ्या मोठ्या वक्त्यापुढे तोंड उघडायला बिचकत होते, ते आता मानकोजींना हाताला धरून तबेल्यात घेऊन गेले. घोडा, शेपूट, गवत, बादली. ‘लाथ’ हा शब्द मात्र घोड्यानंच शिकवला, आणि तो मानकोजी जन्मात विसरले नाहीत.

चुकाही पुष्कळ झाल्या. तिकडे विहिणीला ‘लुमा’ म्हणत आणि म्हशीला ‘लुम्मा’. एके सकाळी मानकोजींनी साऱ्या घरासमोर विहीणबाईंना आदरानं म्हटलं, “ये म्हशी, बस.” व्याही तोंडावर पंचा धरून गोठ्यामागे पळाले. विहीणबाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्या बसल्या, आणि हसता हसता त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

हळूहळू मानकोजींना रोजचं बोलणं कळू लागलं. सगळं नाही, पण मीठ कुठं आहे विचारलं तर ते डोंगराकडे पाहत नसत. जेवताना तर त्यांनी योग्य वेळी, स्पष्ट शब्दांत “पुरे” म्हटलं, आणि पातेलं खरंच थांबलं. एवढा आनंद त्यांना पाटीलकी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

मग एका दुपारी ते विहीणबाईंपुढे जाऊन उभे राहिले. त्या धान्य पाखडत होत्या. आयुष्यात बोलायला उभं राहताना पहिल्यांदाच मानकोजींना भीती वाटत होती. थोरामोठ्यांशी मान देऊन कसं बोलायचं ते अजून येत नव्हतं, म्हणून लहान मूल बोलतं तसं ते बोलले.

“त्या दिवशी तू बोललीस. मी जेवलो. मला कळलं नाही. मी लाजलो. खोटी मान हलवली.” ते थांबले, शब्द शोधले. “लेकीची आई घरी. वाट बघते. मी लेक न्यायला आलो. देतेस?”

विहीणबाईंचे हात थांबले. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग त्याही सोपे सोपे शब्द वापरून बोलल्या, आणि मानकोजींना त्यातला शब्द न् शब्द कळला.

“माझी पण लेक आहे. लांब दिली. मी पण वाट बघते. त्या दिवशी मी विचारलं, कारण वाट अवघड. वाटलं, बाप नाही म्हणेल, भांडेल. तू भांडला नाहीस. मला वाईट वाटलं. राजासारखा बोलणारा माणूस, त्याला लेक नको, असं वाटलं.”

मानकोजींनी मान खाली घातली. “लेक हवी,” ते म्हणाले. हे दोन शब्द बोलताना त्यांचा आवाज चिरकला, आणि साऱ्या भाषणानं जे काम केलं नव्हतं ते झालं. विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याला हाक मारून डोली काढायला सांगितली.

राही माहेरी निघाली. डोली सावकाश चालली, तबेल्यातली सगळ्यात गरीब घोडी सामान घेऊन मागून आली, आणि खिंडीपर्यंत व्याही स्वतः पोचवायला आले. निघण्याआधी विहीणबाईंनी मानकोजींना अडवलं होतं आणि आपल्यालाही थोडे अलीकडचे शब्द शिकवा म्हणून हट्ट धरला होता. कोणते हवेत ते त्यांनी स्वतःच निवडले.

यथावकाश राहीला मुलगी झाली. बाळंतीण आणि बाळ दोघीही सुखरूप होत्या. पुढे एका सकाळी मानकोजी शेतावर गेलेले असताना भागूबाईंच्या दारात एक भरदार परकी बाई येऊन उभी राहिली. अंगावर डोंगराची धूळ, कपाळावर घाम. राही न्हाणीघरात होती. भागूबाई गोंधळल्या. लग्नाच्या गर्दीत ओझरता पाहिलेला चेहरा त्यांना ओळखू येईना; कोण, कुठली, हिच्याशी काय बोलावं, काही सुचेना.

ती बाई उंबऱ्यापाशी बसली, दम घेतला, आणि त्यांच्याच भाषेत खणखणीत आवाजात म्हणाली, “मी आजी. चालून आले. भूक. बाळ दे.”

भागूबाईंनी आधी बाळ दिलं, मग भाकरी.

म्हणून थोरांनो आणि पोरांनो, नवी भाषा शिकायची तर रोज लागणाऱ्या साध्या शब्दांपासून सुरुवात करावी, कारण माणसं माणसांना आधी त्याच शब्दांनी भेटतात.