पाटणकरांच्या ऑफिसातलं ताक

मिरजेत मुमताजआपांचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. इंटरनेटवरच्या त्यांच्या जाहिरातीवर कुणी बोट टेकवलं, की आपांचे दहा रुपये गेलेच. ती जाहिरात चालवणारे पाटणकरसाहेब एकदा रुबाबात आले.

"महिन्यात हजार माणसं तुमच्या दारात आणली!"

"पण तंबोरा एकही गेला नाही. तुम्ही 'गाणी' शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवता. त्यांना फुकट गाणी ऐकायची असतात."

"माणसं आणणं माझं काम. घेणं न घेणं त्यांची मर्जी!"

 दुसऱ्या दिवशी भर उन्हात आपांनी एसटी स्टँडवर पाटी लावली: 'थंडगार ताक फुकट. पाटणकरांचं ऑफिस, पहिला मजला.'

दुपारी पाटणकर धापा टाकत दुकानात आले. "आपा, जिन्यात दोनशे माणसं ताक मागताहेत! जाहिरात एकालाही करायची नाही!"

"माणसं आणणं माझं काम," आपा म्हणाल्या. "दर तुमचाच. माणशी दहा रुपये."

पाटणकरांना हसूच फुटलं. "हरलो! आधी ती पाटी काढा."

"आधी तुम्ही 'गाणी' काढा. 'तंबोरा विकत घ्यायचाय' म्हणणाऱ्यांनाच माझं दुकान दाखवा."

पुढच्या महिन्यात तीसच माणसं आली आणि सात तंबोरे गेले. पाटणकरांच्या जिन्यात मात्र अजून कुणीतरी ग्लास घेऊन येतं.