शेजारी ठेवलेले तक्ते

“…पण चूक असती तर कॉम्प्युटरने सांगितली नसती का, बाई?” कौस्तुभने विचारलं.

वासेकर बाई ओसरीवर ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तू त्याला काय विचारलंस?”

“विचारलं काहीच नाही. दोन तक्ते दिले, जोडून दे म्हटलं. त्यानं दिले जोडून.”

“मग सांगितलेलं काम केलं की त्यानं.”

कौस्तुभ ढोबळे हा वासेकर बाईंचा जुना विद्यार्थी. नागपूरला त्यांच्याकडे संख्याशास्त्र शिकला, परदेशातून डॉक्टरेट घेऊन आला आणि गडचिरोलीकडच्या एका आरोग्यसंस्थेत लागला. बाई निवृत्तीनंतर आरमोरीत राहत होत्या. आज तो शंका घेऊन आला नव्हता. शोध लागला म्हणून सांगायला आला होता.

संस्थेने एका गावात घरोघरी रक्त घेऊन सिकलसेलची तपासणी केली होती. हा आजार रक्तातून उतरतो. आई आणि बाप, दोघांकडूनही दोष आला तरच मूल आजारी पडतं. दोष देणारे मात्र स्वतः धडधाकट असू शकतात.

गावाच्या तक्त्यात नमुन्याचा क्रमांक, नाव आणि घर. प्रयोगशाळेच्या तक्त्यात क्रमांक आणि निकाल. कौस्तुभने ‘आर’ या संगणकभाषेत दोन्ही तक्ते क्रमांकाप्रमाणे लावले आणि शेजारी शेजारी ठेवून चिकटवले.

“काही घरांत मूल आजारी आहे,” तो आवाज उतरवून म्हणाला, “आणि बापाच्या रक्तात दोषच नाही. याचा अर्थ तुम्हाला कळतोच.”

“तू सांग.”

“म्हणजे… बाप दुसरा असणार.”

बाईंचा हात थांबला.

“हे कुणाला बोललास?”

“लिहिलं नाही अजून. फक्त तिथल्या आशासेविका रंजनाताईंना सांगितलंय, त्या घरांत जाऊन हळूच चौकशी करा म्हणून. आज जाणार आहेत त्या.”

“फोन लाव.”

“पण बाई, आधी हे बघा तरी…”

“आधी फोन.”

त्याने लावला. रंजनाताई कुमरेंनी लगेच उचलला.

“निघालेच होते सर. चपला घालत होते.”

“राहू द्या आज.”

“नको जाऊ?”

“नका जाऊ.”



“बरं झालं,” रंजनाताई म्हणाल्या. “कसं विचारावं, तेच मला सुचत नव्हतं.”

कौस्तुभने फोन खाली ठेवला. बाईंनी पुढची शेंग उचलली.

“आता मला एक काढून दे. मूल आजारी आहे आणि आईच्या रक्तात दोष नाही, अशी घरं आहेत का?”

“अशी कशी असतील?”

“बघ.”

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. दोन ओळी लिहिल्या. पडद्यावर नावं आली. तो ती खालीवर करत राहिला…

“आहेत,” तो म्हणाला.

“बरीच?”

“जवळजवळ तेवढीच.”

“मग त्या मुलांची आई कोण?”

…

कौस्तुभच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बापाचं जुळेना, तेव्हा बायांवर संशय घेतलास,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तक्त्यावर का नाही घेतलास?”

“ओळी दोन्हीकडे तेवढ्याच होत्या. कुठं अडलं नाही…”

“क्रमांक वाच. मोठ्यानं.”

“गावाचा तक्ता. एक, दोन, तीन, चार…”

“आणि प्रयोगशाळेचा?”

“एक, दहा, शंभर, एकशे एक…”

तो वाचायचा थांबला.

प्रयोगशाळेतल्या कुणीतरी एका चौकटीत क्रमांकापुढे ‘पुन्हा’ असा शब्द लिहिला होता. त्या एका शब्दापायी ‘आर’ने तो अख्खा स्तंभ आकड्यांचा न धरता अक्षरांचा धरला आणि शब्दकोशातल्या शब्दांसारखा लावला. एकामागे दहा, दहामागे शंभर. दोन कुठल्या कुठे खाली. एकाच्या नावापुढे दुसऱ्याचं रक्त येऊन बसलं होतं.

कौस्तुभने तो शब्द काढला. स्तंभ आकड्यांचा केला. या वेळी तक्ते नुसते शेजारी ठेवले नाहीत. एकेक क्रमांक पलीकडच्या त्याच क्रमांकाशी जुळवून घेतला. मग दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले.

पडद्यावरची जवळजवळ सगळी नावं गळून गेली. 

“बाई…” तो म्हणाला. “आजारी म्हणून ज्यांची कार्डं छापायला देणार होतो, त्यातली बरीच मुलं चांगली आहेत. आणि जी खरी आजारी आहेत, त्यांना आम्ही चांगली म्हणून सोडून देणार होतो.”



“कार्डं गेली छापायला?”

“नाही.”

“मग पाणी पी.”

तो आत जाऊन पाणी पिऊन आला. पुन्हा पडद्यासमोर बसला. आता त्याने एकेक घर डोळ्यांनी तपासलं. बोट ठेवून, घाई न करता, पहिल्या वर्षाला बाईंनी शिकवलं होतं तसं. आईकडे दोष, बापाकडे दोष, मूल आजारी. पुढचं घर. पुढचं घर…

एका घरावर त्याचं बोट थांबलं.

“एक राहिलंय, बाई.”

“काय?”

“आईकडे दोष आहे. मूल आजारी आहे. बापाकडे नाही.” त्याने वर पाहिलं. “क्रमांक बरोबर आहेत. नमुने बरोबर आहेत. तक्त्यात आता काही चूक नाही.”

बाईंनी दाणे सुपात घेतले आणि फोलपटं पाखडली. वाऱ्याने ती अंगणभर गेली.

“या घराबद्दल काय लिहू?” कौस्तुभने विचारलं.

“मुलाचं औषध लिही.”

“आणि बाकीचं?”

बाई सूप घेऊन उठल्या.

“घराला दार असतं, कौस्तुभ.”